पट्ट्याला झोळ हवा : कुत्र्याला रस्त्यावर नीट चालायला शिकवताना

ठकी आमच्याकडे आली तेव्हा आठ महिन्यांची होती. गावठी, तांबूस रंगाची, एक कान उभा आणि एक पडलेला. जिना उतरतानाच ती मला फरफटत न्यायची. फाटकाबाहेर पडलं की कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत माझा हात खांद्यातून निखळेल असं वाटायचं. मी पट्टा मागे खेचायचे, ती पुढे खेचायची, आणि शेवटी मी तिच्यामागून टपरीपर्यंत जायचेच. असे तीन महिने गेले. ती ओढत होती आणि ओढल्यावर तिला हवं तिथे पोचता येत होतं. म्हणजे रोज दोन वेळा मी तिला ओढायलाच शिकवत होते.

हे एकदा लक्षात आलं की बाकी सगळं त्यातूनच उलगडत जातं. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली मांजरांना कडी लावलेल्या पेटीत ठेवून पाहिलं. ज्या हालचालीने दार उघडून बाहेरचं खाणं मिळत होतं तीच हालचाल मांजर पुन्हा करत गेलं, आणि प्रत्येक वेळी जास्त लवकर. आपल्या कुत्र्याचंही तेच आहे. त्याची सहज चाल आपल्यापेक्षा जलद असते, आणि समोरच्या खांबावर आज सकाळी कोण येऊन गेलं ते त्याला नाकाने वाचायचं असतं. ओढल्यावर खांब जवळ येतो, म्हणून तो ओढतो. एवढंच.

‘तो तुमच्यावर हुकमत गाजवतोय, त्याला त्याची जागा दाखवा’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. मलाही भेटले. ही कल्पना कळपाच्या म्होरक्या लांडग्यावरून आली. ती लोकांपर्यंत नेण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या डेव्हिड मीच या लांडग्यांच्या अभ्यासकांनीच १९९९ साली ती दुरुस्त केली. रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, सत्तेसाठी झगडणारी टोळी नव्हे, असं त्यांनी मांडलं. तेव्हा पुढे चालणाऱ्या कुत्र्याला दाबायचं काही कारण नाही. त्याला फक्त एक गोष्ट कळायला हवी : पट्टा ताणला की रस्ता बंद, पट्ट्याला झोळ पडला की रस्ता मोकळा.

खाली नेण्याआधी

पिल्लू असेल तर आधी लसी. साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात होते, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस असतो, आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत हे चालतं. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून डॉक्टर ‘आता चालेल’ म्हणेपर्यंत जिथे इतर कुत्री वावरतात तिथे पिल्लाला जमिनीवर सोडू नका. पण घरात कोंडूनही ठेवू नका. तीन ते चौदा आठवड्यांच्या काळात पिल्लू जे बघतं, ऐकतं, ते त्याला पुढे आयुष्यभर ओळखीचं वाटतं. त्याला कडेवर घेऊन रिक्षा दाखवा, कुकरची शिट्टी ऐकवा, छत्री उघडलेला माणूस दाखवा. ठकीला हे वय आमच्याकडे मिळालं नाही. छत्रीला ती आजही बिचकते.

पट्टा पाच-सहा फुटांचा, कापडी किंवा नायलॉनचा घ्या. साखळी नको. ती जड असते, हाताला काचते, आणि पलीकडे कुत्रा काय करतोय ते तिच्यातून हाताला जाणवत नाही. बटण दाबून आत-बाहेर होणारा पट्टा तर मुळीच नको, कारण त्याची दोरी कायम थोडी ताणलेलीच असते. ओढलं की दोरी लांब होते हाच धडा त्यातून मिळतो, आणि तो आपल्याला हवा त्याच्या अगदी उलट आहे.

गळपट्ट्याला पट्टा अडकवण्यापेक्षा छातीवर कडी असलेला हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा, घ्या. कुत्र्याने जोर केला की छातीवरची कडी त्याला अलगद बाजूला वळवते आणि मान मोकळी राहते. पामेरियनसारख्या लहान कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते, चपट्या नाकाच्या पग जातीला मुळातच श्वास अपुरा पडतो. त्यांच्या गळ्याला हिसके बसताना पाहिले की मला राहवत नाही. हार्नेसखाली दोन बोटं सहज जातील इतपत सैल ठेवा. गळपट्टा ठेवायचा तो मोबाइल नंबरच्या बिल्ल्यासाठी. आवळणारी साखळी आणि काटेरी पट्टा दुकानात सर्रास मिळतात. ते काम करतात ते दुखवून, आणि दुखणारं कुत्रं ते दुखणं समोरच्या कुत्र्याशी किंवा मुलाशी जोडतं. मग ज्याच्याकडे ते नुसतं बघत होतं त्याच्यावर भुंकायला लागतं.

पट्टा मनगटाला गुंडाळू नका. फासात अंगठा अडकवा, बाकीचा तळहातात धरा. दुसरा हात मध्यावर ठेवा, लागला तर पट्टा आखूड करण्यासाठी.

पहिला आठवडा घरातच

हा भाग सगळे गाळतात, आणि मग रस्त्यावर पंधरा गोष्टी एकदम शिकवायला जातात. घरात काही वास नवा नसतो, कोणी अंगावर येत नाही. तिथे जमलं नाही तर खाली जमणार नाही.

खाऊ तयार ठेवा. हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे, त्याहून मोठे नकोत. उकडलेलं चिकन सगळ्यात चांगलं. घरात चालत नसेल तर पनीर, उकडलेलं रताळं, गाजर. बिस्किटं आपल्याकडे फार दिली जातात, पण त्यात साखर आणि मैदा असतो, आणि त्यांचा चुरा होतो. मनुके, द्राक्षं, कांदा, चॉकलेट कधीही नाही, ते कुत्र्याला विषारी असतं. दिवसभरात जेवढा खाऊ दिला तेवढं जेवण कमी करा.

आता एक शब्द ठरवा, जो ऐकला की कुत्र्याला कळेल, ‘हे बरोबर केलंस, खाऊ येतोय’. आमच्याकडे तो ‘हां!’ आहे. आखूड आणि सोपा. पहिले दोन दिवस नुसतं ‘हां!’ म्हणा आणि लगेच खाऊ द्या. त्यानंतर त्याने आपणहून तुमच्याकडे बघितलं की ‘हां!’ आणि खाऊ. बोलवायचं नाही, चुचकारायचं नाही. वाट बघायची. ठकीला पहिल्यांदा वर बघायला चार मिनिटं लागली. तिसऱ्या दिवशी ती माझ्या तोंडाकडे बघत घरभर फिरत होती.

मराठी घरांत कुत्र्याशी बोलताना का कोण जाणे, आपण इंग्रजीत शिरतो : सिट, नो, कम. त्यात वाईट काही नाही, कुत्र्याला भाषेचं सोयरसुतक नसतं. पण आई ‘बस’ म्हणते, मुलगा ‘सिट’ म्हणतो आणि आजी ‘बैस गं बाई’ म्हणते, तेव्हा त्या बिचारीने कुठला शब्द धरायचा? शब्द ठरवा आणि फ्रिजवर लिहून लावा.

मग हार्नेस. दाखवला, खाऊ दिला. डोकं आत घातलं, खाऊ दिला. बंद करून दोन मिनिटं ठेवला, काढला. अंगावर चढवताना कुत्रा लांब सरकत असेल तर घाई झालेली आहे, एक पाऊल मागे या.

हार्नेसची सवय झाली की दिवाणखान्यात पट्टा लावून चालायला सुरुवात करा. कुत्रा डावीकडे ठेवायचा की उजवीकडे ते तुम्ही ठरवा, पण एकच बाजू ठेवा. एक पाऊल टाका. तो बरोबर आला आणि पट्ट्याला झोळ आहे, तर ‘हां!’ म्हणून खाऊ द्या, आणि तो तुमच्या मांडीशी, त्याच बाजूला द्या. पुढे हात करून दिलात तर तो पुढे यायला शिकेल, कारण खाऊ जिथे मिळतो तिथे कुत्रा उभा राहतो. दोन पावलं, मग तीन, मग पाच, मध्येच पुन्हा एक. पाच मिनिटं पुरे. दिवसातून दोनदा पाच मिनिटं ही एकदा केलेल्या अर्ध्या तासापेक्षा कितीतरी बरी.

जिना, पार्किंग, फाटक

घर आणि रस्ता यांच्यामध्ये एक टप्पा हवा. फ्लॅट असेल तर दुपारचा रिकामा व्हरांडा किंवा पार्किंग, बंगला असेल तर अंगण. इथे तेच करायचं, फक्त अपेक्षा कमी ठेवायची. घरात वीस पावलं जमत असली तर इथे पुन्हा तीनपासून.

दारातून बाहेर पडण्याची रीतही इथेच बसवा. पट्टा हातात घेतला की कुत्रा उड्या मारतो. मारू द्या, तुम्ही उभे राहा. चारही पाय जमिनीवर टेकले की पट्टा लावा. दार किंचित उघडा. तो घुसला तर दार लोटून घ्या, अर्थात त्याचं नाक सांभाळून. थांबला तर उघडा आणि ‘चल’ म्हणा. पहिल्या दिवशी आम्हाला दारातून बाहेर पडायला अकरा मिनिटं लागली आणि माझं ऑफिस बुडायची वेळ आली. म्हणून सांगते, हे रविवारी सुरू करा.

लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरा, आणि दार बंद होण्याआधी पट्ट्याचा कुठलाही भाग बाहेर राहिला नाही ना ते बघा. यात जीव जाऊ शकतो. कोणी कुत्र्याला घाबरणारं असेल तर ‘काका, तुम्ही जा, आम्ही पुढच्याने येतो’ म्हणा. घाबरणं ही चेष्टेची गोष्ट नाही.

रस्त्यावर

आता मुख्य काम. कुत्रा पुढे गेला, पट्टा ताणला. तुम्ही थांबा, झाडासारखे. मागे खेचू नका, ओरडू नका, नाव घेऊ नका. तो ओढेल, उभा राहील, मग कधीतरी वळून बघेल किंवा अर्धं पाऊल मागे येईल. पट्ट्याला झोळ पडला त्याच क्षणी ‘हां!’ म्हणा आणि चालू लागा. इथे मुख्य बक्षीस म्हणजे चालणंच, खाऊ जोडीला.

काही कुत्री थांबलेल्या माणसाला दाद देत नाहीत, टोकाला उभी राहून पुढेच बघत बसतात. त्यांच्यासाठी वळा. पट्टा ताणायच्या आत आनंदी आवाजात ‘चल!’ म्हणा आणि उलट दिशेला चालू लागा. तो तुमच्यापर्यंत आला की खाऊ द्या आणि पुन्हा मूळ दिशेला फिरा. पहिले काही दिवस तुम्ही एकाच घरासमोर पन्नास येरझाऱ्या घालाल. शेजारी बघतील. बघू द्या.

यात एकच अट आहे आणि ती फार कडक आहे : प्रत्येक वेळी. दहापैकी आठ वेळा थांबलात आणि दोन वेळा उशीर होतोय म्हणून ओढू दिलंत, तर कुत्रा काय शिकतो? चिकाटीने ओढत राहिलं की कधीतरी जमतं. ती सवय मोडणं आणखी अवघड. म्हणून घाईच्या दिवसांसाठी मी एक तोड काढली. शिकवायला वेळ असेल तेव्हा पट्टा छातीच्या कडीला, नसेल तेव्हा हार्नेसच्या पाठीवरच्या दुसऱ्या कडीला. पाठीला असताना मी काही शिकवत नाही आणि काही मागतही नाही. आठवड्याभरात ठकीला हा फरक कळला. घरात जे जे कुत्र्याला फिरवतात त्यांना हे सगळं सांगा. आमच्या घरी ती माझ्याबरोबर नीट चालायची आणि बाबांबरोबर सुसाट सुटायची, कारण बाबांना तिची दया येऊन ते मागून पळायचे.

हुंगणं मात्र तोडू नका. कुत्र्याचं नाक आपल्या नाकाच्या कित्येक पट तीक्ष्ण असतं. फिरणं म्हणजे त्याच्यासाठी दिवसाचं वर्तमानपत्र. दहा पावलं झोळ ठेवून चालला की झाडाकडे हात करून ‘जा, हुंग’ म्हणा आणि मनसोक्त हुंगू द्या. वीस मिनिटं वास घेत हळूहळू फिरलेला कुत्रा घरी येऊन शांत झोपतो, हे तुम्हीच बघाल.

जातीचाही थोडा विचार करा. बीगल नाकामागे जातो. आपल्याकडच्या लातूर भागातले पश्मी आणि कारवान हे डोळ्यांनी सावज हेरून धावणारे शिकारी कुत्रे आहेत. मांजर हललं की त्यांचं अंग तुमच्याआधी निर्णय घेतं. त्यांना जास्त वेळ द्या आणि धावायला वेगळी, कुंपण असलेली जागा द्या.

गल्लीतली कुत्री

परदेशी व्हिडिओ बघून शिकायला जावं तर नेमकं इथे अडतं. तिकडच्या रस्त्यावर सहसा मोकळी कुत्री नसतात. आपल्याकडे प्रत्येक गल्लीला तिची कुत्री असतात, आणि त्यांची हद्द कुठल्या खांबापाशी संपते ते त्यांना पक्कं ठाऊक असतं.

म्हणून आधी एकट्याने फिरा. कुत्रा घरी ठेवून आठवडाभर त्याच वाटेने जा. कुठे किती आहेत, घंटागाडी कधी येते, रात्री त्यांना खायला कोण कधी घालतं ते बघा. त्या वेळी आणि त्या कोपऱ्यावर ती सगळ्यात तापट असतात, ती वेळ टाळा. जमलं तर त्यांच्याशी ओळख करा. आमच्या गल्लीतल्या काळूला मी दहा दिवस नुसती थांबून दोन शब्द बोलत होते आणि चपातीचा तुकडा देत होते. नंतर ठकीला घेऊन गेले तेव्हा तो उठला, बघितलं आणि पुन्हा बसला. ज्याच्या कानाचा थोडा भाग कापलेला दिसेल त्याची नसबंदी झालेली असते आणि त्या वेळी रेबीजची लसही दिलेली असते.

समोरून कुत्री आली तर पट्टा एकदम आवळू नका. ताण पट्ट्यातून खाली उतरतो आणि तुमच्या कुत्र्यालाही वाटतं, काहीतरी वाईट येतंय. कमान काढून, रस्त्याच्या पलीकडून जा. कुत्री एकमेकांना सरळ समोरून भेटत नाहीत, वळसा घेऊन येतात. तोंड समोर करून चालून जाणं त्यांच्या भाषेत आव्हान असतं. अंतर किती ठेवायचं याचं माप सोपं आहे. तुमचा कुत्रा त्यांना बघूनही चिकन खातोय, तर अंतर पुरेसं आहे. चिकनकडे ढुंकूनही बघत नाही, तर तुम्ही फार जवळ आलात. मागे फिरा, आणि तो खाऊ लागेल तिथे उभं राहून काम करा. दर काही दिवसांनी दोन पावलं जवळ जा.

अंगावर आलीच तर पळू नका. तुमचा कुत्रा मागे घ्या, स्वतः मध्ये उभे राहा, जाड आवाजात ‘हट्!’ म्हणा आणि मूठभर खाऊ त्यांच्या पुढ्यात जमिनीवर फेका. ती वेचायला वाकली की शांतपणे निघा. दगड उचलायला वाकू नका. आज ती पळतील, पण उद्या तुम्हाला लांबूनच ओळखतील आणि तुमच्या कुत्र्यालाही.

चावलंच, तुम्हाला असो वा कोणालाही, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. तुमच्या कुत्र्याला चावलं तर लस झालेली असली तरी डॉक्टरांना दाखवा.

ऋतू

मार्च ते मे डांबरावर हाताची मागची बाजू ठेवा आणि सात आकडे मोजा. हात टेकवत नसेल तर पंजेही टेकवणार नाहीत. सकाळी सातच्या आत आणि रात्री रस्ता निवल्यावर फिरा. धाप थांबत नाही, लाळ घट्ट झाली, पाय लटपटले तर सावलीत नेऊन अंगावर साधं पाणी ओता आणि डॉक्टरांकडे न्या.

पावसाळ्यात डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो, त्याची लस आहे, ती विचारून घ्या. दिवाळीत संध्याकाळचं फिरणं उजेडातच उरका आणि पट्टा हार्नेस आणि गळपट्टा दोन्हींना अडकवा. घाबरलेलं कुत्रं मागे सरकून हार्नेसमधून सुद्धा निसटतं. ठकी एकदा निसटली होती. दीड तास सापडली नव्हती.

आणि शी उचला. खिशात पिशवी किंवा जुना कागद हवाच. महापालिकेचा परवानाही काढून ठेवा, पुण्यात तो लागतो.

चांगलं चालणारं कुत्रं एक दिवस अचानक मध्येच बसलं, हार्नेस घालू देईना, एकाच बाजूला वळेना, तर तो हट्ट समजू नका. पंजात काटा, कानात पू, सांध्यात दुखणं, यांतलं काहीतरी असतं. ठकी असं करू लागली तेव्हा मी दोन दिवस तिला चुचकारत राहिले. तिसऱ्या दिवशी बोटांच्या बेचक्यात गोचीड सापडली, फुगून मटाराएवढी झालेली.

तेव्हापासून घरी आलं की चारही पंजे ओल्या फडक्याने पुसते, बोटांच्या बेचक्या, कानांची आतली बाजू आणि शेपटीखालचा भाग बोटाने चाचपते. मग पाणी. मग हार्नेस काढून दाराजवळच्या खुंटीला, छातीची कडी वर करून.